"तूच लिहून आण, मी सही करतो": याला शिफारसपत्र म्हणायचं का?

रेघोटी
शिष्यवृत्तीसाठी पत्र मागायला गेलं की बऱ्याचदा हेच उत्तर मिळतं. माझं स्पष्ट मत: ही शिफारस नव्हेच. ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन पत्रं लागतात. केंब्रिज विद्यापीठातली गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती तर प्रवेशासाठीच्या पत्रांखेरीज एक व्यक्तिगत पत्र वेगळं मागते. उमेदवाराचीच आत्मस्तुती वेगवेगळ्या सह्यांखाली वाचायची असती, तर एवढा खटाटोप कशाला केला असता? अमेरिकेत १९७४च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहायचा हक्क आहे, तरी शिफारसपत्रांपुरता तो सोडणार का, असं अर्जातच विचारतात. उमेदवाराच्या नजरेआड लिहिलेल्या पत्राला वजन असतं म्हणूनच ना?

खडूडस्टर
असहमत. मी शिकवतो. मुदत परवा आणि मेल आज, अशी गत असते. प्रत्येक ठिकाणची लिंक वेगळी, चौकटी वेगळ्या, वर 'हा विद्यार्थी पहिल्या ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत?' हेही भरा. कच्चा मसुदा मागितला तर बिघडलं कुठे? त्यावर हात मीच फिरवतो.

रेघोटी
हात फिरवता, की फक्त तारीख बदलता? :)

मधलीसुट्टी
काही काळ निवड समितीवर होतो. एकाच उमेदवाराच्या तिन्ही पत्रांत 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व', तेही दुसऱ्याच वाक्यात! मुलगी हुशार असेलही, पण कळणार कसं? याउलट एक पत्र अजून आठवतं. आकडे जुळत नव्हते म्हणून त्यातल्या मुलीने आपलं केलेलं सगळं काम बाजूला ठेवलं, उपकरण पुन्हा तपासलं आणि चूक आपल्याच जोडणीत होती हे गटासमोर सांगितलं. असं स्वतःबद्दल कोण लिहील? मसुद्यात ही गोष्ट 'प्रामाणिक व कष्टाळू' एवढ्यावर आटोपली असती.

उंबरठा
सर स्वतः लिहितात म्हणजे न्याय्यच लिहितात, हे कुणी सांगितलं? २००३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेमणुकांची तीनशेहून अधिक पत्रं अभ्यासली गेली. स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत पुरुषांच्या पत्रांपेक्षा मेहनतीचं कौतुक जास्त. वर्गात मागे बसणाऱ्या, सरांच्या केबिनमध्ये कधी न गेलेल्या मुलीला स्वतःचा मसुदा हाच आधार असतो. नाहीतर तिच्या वाट्याला 'वर्गात नियमित हजर असे' याहून काय येणार?

मधलीसुट्टी
मुद्दा रास्त. पण तीच मुलगी मसुदा लिहायला बसली तर संकोचाने स्वतःला 'मेहनती'च म्हणेल. आणि स्वतःची टिमकी वाजवायची लाज नसलेला पुढे जाईल. म्हणजे तिचं नुकसान दोन्हीकडून.

रेघोटी
विद्यार्थ्याकडून मसुदा नको, माहिती मागा ना. कोणता विषय शिकवलात, प्रकल्पात नेमकं काय केलं, शिष्यवृत्तीला कसला माणूस हवाय, मुदत कधी: एक पान पुरे. तेही तीन-चार आठवडे आधी. वाक्यं मात्र सरांची. आणि चांगलं लिहिण्यासारखं काही नसेल तर सरळ नाही म्हणावं. कोमट पत्राने अर्ज बुडतो.

खडूडस्टर
एक पान मान्य, उद्यापासून तेच मागेन. 'नाही म्हणा' हे मात्र लिहायला सोपं आहे. छोट्या विभागात एखाद्या विद्यार्थिनीला शिकवलेले आम्ही तिघेच आणि पत्रंही तीनच हवीत. मी नाही म्हटलं तर तिचा अर्ज पुरा होत नाही. तिथे कोमट पत्र द्यायचं की अर्जच अडवायचा, ते सांगा.