अनुभव धागा : गोड बोलून, जाहिरात दाखवून, दारात येऊन झालेली फसवणूक

मी आमच्या भागातल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करते. तिथे आलेला माणूस बहुतेक वेळा सुरुवातच अशी करतो : "ताई, पैसे गेले त्याचं काही नाही, पण..." आणि मग त्याचा आवाज बदलतो. आपल्याला बोलण्यात गुंडाळलं याचा सल गेलेल्या रकमेहून मोठा असतो. म्हणून लोक घरीसुद्धा सांगत नाहीत, आणि तोच विक्रेता पुढच्या गल्लीत तेच बोलून तोच माल खपवतो.

तेव्हा इथे सांगा. समोरचा नेमकं काय बोलला, कागदावर काय होतं, पुढे काय झालं, हे तपशिलाने लिहा. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव नको, पद्धत कळली की पुरे.

कोथरूडकर

पेट्रोल पंपावर कुणीतरी कूपन भरून घेतलं होतं. थोड्या दिवसांनी फोन आला, "सर, लकी ड्रॉमध्ये तुमची निवड झाली आहे, भेटवस्तू न्यायला या. मात्र मॅडमना घेऊनच या." जोडप्याने यायची अट का, ते तिथे गेल्यावर समजलं. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतो. दोघं समोर असली की ती पळवाट उरत नाही.

हॉटेलचा हॉल, मोठ्याने लावलेली गाणी, दर थोड्या वेळाने "अमुक दांपत्य आपल्या परिवारात सामील झालं" अशी घोषणा आणि टाळ्या. विकत होते ते सुट्टीतल्या मुक्कामाचं सदस्यत्व : पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, हवं ते ठिकाण. किंमत आधी अडीच लाख सांगितली, मग "साहेबांना विचारून येतो" म्हणत सव्वा लाखावर आणली. पण सही आजच हवी. कागद घरी नेऊन वाचू द्यायला तयार नव्हते. क्रेडिट कार्डावर हप्ते बांधून घेतले.

घरी येऊन बारीक अक्षरं वाचली. वार्षिक देखभाल शुल्क वेगळं, दिवाळी आणि मे महिन्यात जागा 'उपलब्धतेनुसार', आणि एक कलम असं की विक्री प्रतिनिधीने दिलेली तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. दोन तास जे ऐकवलं, ते सगळं या एका ओळीने पुसून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच रद्द करण्याची ईमेल पाठवली. प्रतिनिधीने व्हॉट्सॲपवर "मे महिन्यात शंभर टक्के बुकिंग मिळेल" असं लिहून दिलं होतं, तो संदेश जपून ठेवला.

कंपनीचं कार्यालय दिल्लीत. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. अर्ज मी स्वतः लिहिला, वकील केला नाही. पहिल्या तारखेला त्यांच्याकडून कुणी फिरकलं नाही. पुढे त्यांचा वकील आला आणि तडजोडीचं बोलू लागला. मुद्दल मिळालं, व्याज सोडावं लागलं. वेळ बराच गेला, तरी पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा हेच करीन.

डोंबिवलीची वाचक

घरी पाण्याचं यंत्र विकायला येणारे एक प्रयोग करतात, तो समजून घ्या. नळाच्या पाण्यात दोन सळ्या सोडून वीज देतात. पाणी तांबूस, गढूळ होतं. "हे तुमची मुलं पितात," म्हणतात. शेजारी त्यांच्या यंत्राचं पाणी स्वच्छच राहतं. मी रसायनशास्त्र शिकवते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे वीज वाहते, लोखंडी सळी झिजते आणि तो रंग त्या सळीचा असतो. क्षार जवळपास काढून टाकलेल्या पाण्यातून वीजच नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पाणी पिण्यालायक आहे की नाही याचा या प्रयोगाशी काही संबंध नाही. सासूबाई घाबरून आगाऊ पैसे देणारच होत्या. मी त्या माणसाला त्याच्याच यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगितला. त्याने सामान आवरलं.

शिवारातून, लातूर जिल्हा

२०२० च्या खरिपात आमच्याकडं सोयाबीन उगवलंच नाही. माझ्या एकट्याचं नव्हं, मराठवाडा-विदर्भात जिकडं तिकडं तीच बोंब होती. कृषी सेवा केंद्रवाला म्हणाला, "पेरणी खोल गेली. ओल कमी होती." रान माझं, पेरलं मी, आणि ओल किती होती ते तो दुकानात बसून सांगत होता.

माझ्याकडं पक्की पावती होती. त्यावर वाण, लॉट नंबर, तारीख, सगळं होतं. पिशवी टॅगसकट ठेवली होती आणि मूठभर बी बाजूला काढलेलं. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज दिला, पोच घेतली. समिती बांधावर आली, उगवण मोजली, पंचनामा झाला. शेजाऱ्याचं रान माझ्याला लागून, बी त्याच दुकानातलं, पण त्यानं उधारीवर कच्च्या चिठ्ठीवर उचललेलं आणि पिशव्या पेटवून दिलेल्या. कष्ट तेवढेच, नुकसान तेवढंच. त्याच्या हातात काही आलं नाही. याची मला आजही चीड येते.

शेतकरी ग्राहक नाही, बियाणे कायद्याखाली जावं, असं कंपन्या म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली ते निकालात काढलं. शेतकऱ्याला ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, दाद मागता येते. मला कंपनीनं आयोगाची पायरी चढायच्या आतच बियाणाचे पैसे दिले. दुबार पेरणीचा खर्च मात्र माझ्याच अंगावर पडला.

आता पेरणीआधी प्रत्येक पिशवीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के पाहिजे. त्याखाली आली तर पिशवी परत.

वऱ्हाडातला

लातूरकर दादा, लिंकिंगचंही लिहा. युरियाची गोणी मागितली की सोबत नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्यावीच लागते. नाही घेतली तर "स्टॉक संपला". मागे गोदामात थप्पी लागलेली दिसते. पावतीवर बाटलीची किंमत वेगळी लिहायला लावा आणि कृषी विभागाकडे तक्रार द्या. आम्ही गावातले सगळे मिळून गेलो तेव्हा कुठं दुकानदार नरमला.

कोल्हापूरहून एक ताई

'घडणावळ शून्य' असा फलक पाहून सोन्याच्या दुकानात शिरलो होतो. बिल मागितल्यावर कळलं, सोन्याचा दरच त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा चढा लावला होता आणि हॉलमार्कच्या नावाखाली काहीशे रुपये घेतले होते. हॉलमार्कचं शुल्क दर नगाला ४५ रुपये, अधिक जीएसटी. मी पुतणीला दुकानातच दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक, सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायला सांगितला. शुद्धता बरोबर निघाली, बिल दुरुस्त करून घेतलं. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. बायांनो, दुकानदार ओळखीचा असला तरी हे बघा.

सदाशिव पेठेतला विद्यार्थी

क्लासच्या फलकावर पहिल्या शंभरातली इतकी मुलं 'आमची' होती की मी वर्षभराची फी भरली. पुढे त्यातला एक जण अभ्यासिकेत भेटला. त्याने तिथे फक्त मोफत मुलाखत मार्गदर्शन घेतलं होतं, तेही मुख्य परीक्षा स्वतःच्या बळावर पास झाल्यावर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून अनेक क्लासना दंड केले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमही काढले. निवड झालेल्या विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला, किती काळ, फी भरून की मोफत, हे जाहिरातीत सांगावं लागतं. गावाकडे जमीन गहाण टाकून पोरांना इथे पाठवतात हो. फलकावरचा एक फोटो त्यांना किती महागात पडतो!

नगरचा सुनील... नव्हे, नाव नको, फक्त नगरकर

वडिलांनी 'मधुमेह मुळापासून बरा' असं चूर्ण टीव्हीवर पाहून मागवलं आणि रोजच्या गोळ्या बंद केल्या. साखर इतकी चढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आम्ही डबा आणि जाहिरातीचा व्हिडिओ जोडून केली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरकर, तुमच्या शेजाऱ्याची गोष्ट मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे.

तक्रार कुठे आणि कधी करायची, ते थोडक्यात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं, आणि बऱ्याच कंपन्या तिथूनच प्रकरण मिटवतात. आयोगात तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत. फसव्या जाहिरातीसाठी प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. ऑनलाइन भामट्याने खात्यातून पैसे काढले असतील तर ग्राहक आयोगाची वाट न बघता त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

नवी सदस्य, पनवेल

प्रदर्शनात मिक्सर घेतला, आठवड्यात बंद पडला. बिल मागितलं होतं, "घरपोच पाठवतो" म्हणाले, आलंच नाही. फक्त यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आहे. आता काय करू?

धागाकर्ती

ताई, ती नोंद पैसे दिल्याचा पुरावा आहे, जपून ठेवा. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मिक्सरच्या तळावरचा अनुक्रमांक, खोका आणि प्रदर्शनाचं पत्रक यांचे फोटो आजच काढा. पैसे ज्या नावाने गेले ते नाव लिहून घ्या. ते पत्रकावरच्या नावापेक्षा वेगळं असतं बरेचदा. ज्यांच्या सभागृहात प्रदर्शन होतं त्यांच्याकडे आयोजकांचा पत्ता मिळेल. त्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मसुदा मी तुम्हाला वेगळा पाठवते, त्यात तारीख आणि रक्कम तेवढी भरा.