मुदत संपलेले प्लेटलेट्स फेकू नका, त्यावर स्टेम सेल वाढवा

सीताबर्डीकर:
रक्तातून वेगळे काढलेले प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस टिकतात. डेंग्यूचा मोसम सरला की मागणी उतरते आणि उरलेल्या पिशव्या कचऱ्यात जातात. दुसरीकडे, अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल (हाड, कूर्चा, चरबीच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) वाढवायला अनेक प्रयोगशाळा अजूनही गाईच्या गर्भातल्या वासराचं सिरम वापरतात. ते महाग, आणि प्रत्येक बॅचचा गुण वेगळा. एका बॅचमध्ये पेशी लांबट, टोकदार राहून भराभर वाढतात, दुसरीत चपट्या होऊन फ्लास्कच्या तळाशी थबकतात. शिवाय गुरांची प्रथिनं पेशींसोबत रुग्णाच्या अंगात जायची भीती असतेच.

त्याऐवजी मुदत संपलेले प्लेटलेट्स गोठवा, 37 अंशांवर वितळवा, पुन्हा गोठवा. ते फुटतात आणि आतले वाढीचे घटक बाहेर येतात. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगानं फिरवून गाळ काढला की झालं प्लेटलेट लायसेट. मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, 5 ते 10 टक्के घातलं की या पेशी सहसा सिरमपेक्षा जोमानं वाढतात. नागपुरातल्या रक्तपेढ्यांनी मिळून हे काम हाती घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कल्चरवाली:
दादा, मी रोज हेच काम करते. लायसेट चांगलं, पण बॅचचा घोळ त्यानं सुटत नाही. दात्यागणिक फरक पडतो म्हणून अनेकांच्या पिशव्या एकत्र कराव्या लागतात. मग एका पिशवीतला विषाणू तपासणीतून निसटला, तर अख्खा लॉट गेला. रक्त गोठू न देणारं हेपरिन घातलं नाही तर मीडियमची जेली होते, आणि ते हेपरिन येतं डुकराच्या आतड्यातून. म्हणजे प्राण्यांपासून सुटका झालीच नाही! आयपीएस पेशींसाठी (साध्या पेशींना मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेल) 2011 मध्येच मोजक्या 8 घटकांचं, सिरम नसलेलं मीडियम आलं. पैसा अशा ठरलेल्या घटकांच्या मीडियमवर लावा.

शिबिरवाला:
आम्ही रक्त देतो ते रुग्णाला मिळावं म्हणून. उरलं तर प्रयोगशाळेत जाईल, हे फॉर्मवर मराठीत छापा आणि वेगळी सही घ्या. न विचारता नेलं, तर पुढच्या शिबिराला लोक येणार नाहीत.

सीताबर्डीकर:
सहीचं शंभर टक्के मान्य. ताई, आयपीएसचं मीडियम मेसेन्कायमल पेशींना जसंच्या तसं चालत नाही. त्यांच्यासाठीची सिरम-मुक्त मीडियम मिळतात, पण किंमत बघितलीत ना? विषाणू निष्क्रिय करायची यंत्रणा एका केंद्रात बसवा, सगळ्या पेढ्यांनी तिथेच पिशव्या द्याव्यात.

विदर्भाचा पोरगा:
भाऊ, हे सगळं काहून? आपल्याकडे घरोघरी सिकलसेल आहे, लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. तुमच्या या पेशींनी सिकलसेल बरा होते का? 2023 च्या अखेरीस अमेरिकेत त्यावरच्या कॅसजेव्ही या उपचाराला मंजुरी मिळाली, त्यात रुग्णाच्याच रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेलमध्ये जनुकीय बदल करून त्या परत देतात. किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोलीच्या पोराला ते कधी मिळन? त्याला आज त्रास कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर पाहिजे. आधी गोळी, आधी तपासणी.

सीताबर्डीकर:
गोळी आधी, यात वादच नाही. पण भावंडाची मज्जा देऊन सिकलसेल बरा करता येतो, आणि त्यात दात्याच्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. स्टिरॉइडलाही न जुमानणाऱ्या अशा प्रकारासाठी अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मुलांकरता मेसेन्कायमल पेशींचंच औषध मंजूर झालं. म्हणून या पेशी इथे नीट वाढवता यायला हव्यात.

कल्चरवाली:
मग नुसत्या वेगाच्या मागे लागू नका. भराभर पॅसेज केले, म्हणजे पेशी पुन्हा पुन्हा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या, की पेशी म्हाताऱ्या होतात, संख्या दिसते पण कस उतरलेला असतो. मज्जेत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून इन्क्युबेटरमध्येही तो 2 ते 5 टक्क्यांवर ठेवून बघा. आणि कितव्या पॅसेजची पेशी रुग्णाला दिली, ते कागदावर असलंच पाहिजे. एवढं होणार असेल तर मी तुमच्या बाजूनं.

विदर्भाचा पोरगा:
मी नाही. गोळीच्या पैशाला हात न लावता हे केंद्र कसं उभं राहील, ते आधी लिहा.