पार्ल्यात फनेल झोनमधला पुनर्विकास : थांबावं की सही करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पार्ले पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची सोसायटी आहे. १९७१ सालची, वीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बीमचं प्लास्टर गेल्या पावसाळ्यात पडलं आणि आतली सळई उघडी पडली. नखाने खरवडली तरी गंजाचे पापुद्रे निघतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेलं वर्षभर खाली उतरलेल्या नाहीत.

बिल्डर आहे, पण त्याची ऑफर बेताची. आम्ही धावपट्टीच्या फनेलमध्ये (विमानं चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात) येतो, त्यामुळे उंची मिळत नाही. जेमतेम सात मजले होतील म्हणतो. तेवढ्यात आमची घरं, पार्किंग आणि त्याला विकायला फ्लॅट हे सगळं बसवायचं, म्हणून आम्हाला जागा थोडीच जास्त आणि कॉर्पस (बिल्डर देतो ती रोख रक्कम) नावापुरता.

आता खरी गोम. सोसायटीत सरळ दोन तट पडलेत. तळमजल्यावरचे काका आणि त्यांच्या बाजूचे सात जण म्हणतात, "घाई कसली? नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. हळूहळू सगळं तिकडे जाईल, सांताक्रूझचं विमानतळ बंद पडेल, मग वीस मजले मिळतील." बंगळुरू आणि हैदराबादचे जुने विमानतळ २००८ साली नवे सुरू होताच बंद झाले, हा त्यांचा हुकमाचा एक्का. दुसऱ्या तटाचं म्हणणं, तोवर जिना राहील का?

(मागच्या सभेत हा वाद चालू असताना डोक्यावरून विमान गेलं. काका वाक्याच्या मधोमध थांबले, विमान गेल्यावर पुढच्या शब्दापासून सुरू झाले. पार्लेकरांना यात काही विशेष वाटणार नाही.)

तर प्रश्न असा : नवी मुंबईमुळे इथली उंचीची मर्यादा शिथिल होईल ही आशा धरण्यात अर्थ आहे का? कोणाच्या सोसायटीने असं थांबून पाहिलंय का?

---

प्रतिसाद : चुनाभट्टी

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतो, म्हणून स्पष्टच लिहितो. फनेल हा धावपट्टीचा असतो, विमानांच्या संख्येचा नाही. दिवसाला हजार विमानं उतरोत की शंभर, उतरण्याचा उतार तोच राहतो. काकांना सांगा, बंगळुरूच्या एचएएल आणि हैदराबादच्या बेगमपेटमध्ये प्रवासी विमानं थांबली, धावपट्ट्या मात्र वापरात आहेत, त्यामुळे आजूबाजूला उंचीचं बंधनही आहे.

शिवाय सांताक्रूझचं टर्मिनल १ पाडून नव्याने बांधायची योजना जाहीर झालेली आहे. बंद करायच्या दुकानाला कोणी नवं शटर लावतं का? नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, विमानं २५ डिसेंबरपासून उडायला लागली. पहिल्या टप्प्यात एकच धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवासी. सांताक्रूझहून पाच कोटींच्या वर लोक ये-जा करतात. तिकडे सगळं हलवणार कुठे?

आता कामाचं. बिल्डरने "सात मजले" कशावरून काढले ते विचारा. विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र त्याने दाखवलंय का? पत्रात उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते, जमिनीपासून नाही. समजा ३६ मीटर मिळाले आणि तुमचा प्लॉट ९ मीटरवर आहे, तर हातात २७. त्यातच लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी, अगदी वरचा अँटेनासुद्धा. बरेच बिल्डर शेजारच्या बिल्डिंगचा आकडा ऐकवतात. पत्र मात्र प्लॉटच्या अक्षांश-रेखांशावर आणि जमिनीच्या पातळीवर मिळतं, पन्नास मीटर सरकलं तरी आकडा बदलू शकतो.

---

प्रतिसाद : कुर्ल्याचा बाप्पा

आमच्याकडेही हेच रडगाणं. एका बिल्डरने सुचवलं होतं, "दोन मजले जास्त चढवू, नंतर बघू." असलं कोणी बोललं तर दारातूनच परत पाठवा. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेवरचे भाग पाडायचे आदेश दिले होते. घर घेणारा अडकतो, बिल्डर केव्हाच निघून गेलेला असतो.

आणि उंची मिळत नसली तर न वापरलेल्या एफएसआयचा (प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकामाचा) टीडीआर, म्हणजे ते बांधकाम दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क, मिळावा, ही आपल्या फनेलवाल्यांची जुनी मागणी आहे. जोर लावायचाच तर तिथे लावा. विमानतळ उठण्याची वाट बघण्यापेक्षा ते बरं.

---

मूळ धागाकर्ता

चुनाभट्टी, बाप्पा, दोघांचेही आभार. आज संध्याकाळी बिल्डरला फोन केला आणि ना-हरकत पत्राची प्रत मागितली. बराच वेळ घुटमळला, मग म्हणाला "अर्ज टाकायचाय अजून." म्हणजे सात मजले हा आकडा त्याने शेजारच्या बिल्डिंगवरून उचललाय, तुम्ही म्हणालात तसाच. बाजूची इमारत आमच्यापेक्षा विमानतळाच्या जवळ आहे, तेव्हा कदाचित आम्हाला थोडं जास्तही मिळेल, किंवा लिफ्टची खोली धरून कमीही होईल.

काकांना एचएएलची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बरं, मग पत्र येऊ दे, तोवर मी सही करत नाही." यात मला तरी चूक काही दिसत नाही. तोपर्यंत जिन्याला टेकू लावून घेतोय.

एक शेवटचं : हा अर्ज सोसायटी स्वतःच्या नावावर करू शकते का, बिल्डर नेमण्याआधी? आणि प्लॉटची पातळी मोजून देणाऱ्या सर्वेयरने तुमच्याकडून साधारण किती पैसे घेतले? रविवारी सभा आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.