अमेरिकी लष्कराची स्वस्त रिसॉर्ट्स नेमकी कुणाच्या पदरात पडतात?

हिशेबी: हवाईत वायकिकीच्या किनाऱ्यावर हाले कोआ, फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डमध्ये शेड्स ऑफ ग्रीन, जर्मनीत गार्मिशला एडलवाइस, दक्षिण कोरियात सोलला ड्रॅगन हिल लॉज. सैनिकांना कुटुंबासह परवडणारी सुट्टी मिळावी म्हणून लष्कर ही रिसॉर्ट्स चालवतं. हेतू चांगला. पण टेक्सासच्या तळावरचा शिपाई बायको-पोरांना घेऊन हवाईला निघाला, तर विमानाच्या तिकिटांतच त्याचा खिसा रिकामा. खोली स्वस्त असून उपयोग काय? मजा करणार ते निवृत्त अधिकारी, ज्यांच्याकडे पैसा आहे आणि वेळही.

उंबरठा: अहो, दर हुद्द्याप्रमाणे असतात हे विसरलात! कनिष्ठ शिपाई कर्नलपेक्षा कमी पैसे भरतो. कुठलं खासगी हॉटेल पगार बघून भाडं ठरवतं? शिवाय रोजचा कारभार खोल्या-जेवणाच्या उत्पन्नातून चालतो, करदात्याच्या पैशावर नाही.

हिशेबी: तिथेच तर मेख आहे. उत्पन्नावर चालायचं म्हणजे जास्त भरणारा पाहुणा हवाच. आणि हाले कोआ १९७५ साली उभं राहिलं ते फोर्ट डरुसीच्या लष्करी जमिनीवर. वायकिकीतल्या त्या जागेचं मोल कुणाच्या वहीत लिहिलंय?

रानवाट: २०२० पासून सेवेत अपंगत्व आलेले माजी सैनिक, पर्पल हार्टचे (युद्धात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पदकाचे) मानकरी, माजी युद्धकैदी यांनाही पात्र ठरवलं. योग्यच केलं. मात्र त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांत खोल्यांसाठी आणखी ओढाताण.

उंबरठा: मग त्यांना दारात अडवायचं का? ज्यानं पाय गमावला त्याचा हक्क आधी, असं मी तरी म्हणेन. आणि प्रवासाचं म्हणाल, तर लष्करी विमानात जागा उरली की फुकट जाता येतं. रजेवरच्या सैनिकाचा नंबर निवृत्तांच्या आधी लागतो.

हिशेबी: जागा उरली तर! दोन लहान पोरं घेऊन तळावर ताटकळायचं, आणि परतीला जागा नाही मिळाली तर? रजा संपली की हजर व्हावंच लागतं, तिकडे 'विमान भरलं होतं' चालत नाही. निवृत्ताला चार दिवस उशीर झाला तरी कोण विचारतंय.

रानवाट: हे मात्र खरं. सुट्टीच्या हंगामात काही खोल्या फक्त कनिष्ठ हुद्द्यांसाठी राखून ठेवाव्यात, शेवटच्या आठवड्यात उरल्या तर बाकीच्यांना द्याव्यात.

उंबरठा: याला माझी हरकत नाही. पण अपंग सैनिकांच्या वाट्यातून नको, कर्नलसाहेबांच्या वाट्यातून काढा.