दिवसाला दहा हजारांची लिमिट, आणि जिंकलेले पैसे ॲपमध्येच संपत चाललेत

लेथवाला_मजगाव

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे, राहायला मजगावात. घरात कुणाला बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय.

गणपतीच्या आधी एका ऑनलाइन कसिनोच्या ॲपवर स्लॉट खेळायला लागलो. फळं, घंटा, सातचे आकडे फिरतात ते. कधी पाचशे भरायचे, कधी दोन हजार. ते जायचे, परत भरायचे. मागच्या महिन्यात एका रात्री ४० रुपयांच्या स्पिनवर फ्री स्पिन लागले आणि सगळं थांबलं तेव्हा शिल्लक १,८४,००० दिसत होती. माझा आठ महिन्यांचा पगार हो. हात थरथरत होते. बायकोला उठवून सांगावं असं वाटलं, पण पैसे हातात आल्यावरच सांगू म्हटलं.

विड्रॉ टाकायला गेलो तर दिवसाला दहा हजारच. बरं, दहा तर दहा. पण एक मागणी पुरी झाल्याशिवाय दुसरी घेत नाहीत आणि एक पुरी व्हायला तीन दिवस लागतात. हिशोब केला तर सगळे काढायला १९ मागण्या, म्हणजे ५७ दिवस. तेवढे दिवस बाकीचे पैसे त्याच ॲपमध्ये, खेळायला मोकळे.

पहिले दहा आले. त्यातले पाच हजार बायकोला दिले, ओव्हरटाइमचे म्हणून. दुसरे दहा आले. मधल्या रात्री पैसे आले का बघायला ॲप उघडायचो, आणि उघडलं की पहिल्यांदा तेच मशीन समोर. एवढे आहेत, त्यातले दोन हजार खेळलो तर काय बिघडतं, असं करत करत २०० च्या स्पिनवर गेलो. अकरा रात्री, रोज दोनेक तास. तिसरी मागणी पेंडिंग होती, तिच्या खालीच 'रद्द करा' असं हिरवं बटण आहे. पहाटे दोनला ते दाबलं आणि ते दहा हजारही परत खेळात घेतले. आता शिल्लक ३७,६००.

चॅटवरचा माणूस म्हणतो, आणखी २५,००० भरा, लेव्हल वाढेल, मग दिवसाला ५०,००० काढता येतील. भरावे का? लिमिट नसती तर त्याच रात्री सगळे पैसे बँकेत गेले असते, हे डोक्यातून जाईना. झोप लागंना झालीय. माझं चुकलं कुठं आणि आता काय करू, अनुभव असलेल्यांनी सांगा.

चोर्लाघाट

भावा, २५,००० भरू नकोस. आधी हे, मग बाकीचं.

मी सहा वर्षं पणजीला मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटींवर जात होतो. शनिवारी दुपारी चौघं एका गाडीत, जांबोटीवरून चोर्ला घाट उतरून. भरपूर घालवलेत, दुचाकी विकली, त्यामुळं बोट चांगली असं मी म्हणणार नाही. पण तुझं वाचताना एक फरक लख्ख दिसला. तिथं कधी जिंकलो तर चिप्स घेऊन कॅशियरच्या खिडकीवर जायचं, नोटा मोजून घ्यायच्या आणि उजाडताना घाट चढून घरी यायचं. पैसे खिशात, मशीन घाटाच्या पलीकडं. परत हरायला जायचं तर आठवडा थांबावं लागायचं, पेट्रोल, सोबत, घरी सांगायला कारण, सगळं जमवावं लागायचं. त्या आठवड्यात निदान गॅसचं, शाळेच्या फीचं निघून जायचं.

तुझ्याकडं मशीन उशाला आहे आणि पैसे घाटाच्या पलीकडं. तीन दिवस थांबायला लावतात ते कागदपत्रं तपासायला असं सांगतील. तपासायला वेळ लागतो हे मान्य, पण मग त्या तीन दिवसांत तेच पैसे खेळायला का देतात? बँकेत चेक टाकला तर तो वटेपर्यंत ते पैसे आपल्याला वापरता येतात का? ते हिरवं बटण मुद्दाम तिथं ठेवलेलं आहे. पहाटे दोनला ते दाबणारा तू एकटा नाहीस.

निपाणीचा_पोरगा

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून आकड्यांत सांगतो.

स्लॉटवर '९६ टक्के परतावा' असं लिहिलेलं असतं. लोक समजतात, शंभर भरले तर सरासरी ९६ परत. तसं नाही. ते ९६ टक्के प्रत्येक स्पिनवर आहेत, आणि परत आलेले पैसे तू पुन्हा फिरवतोस, त्यावर पुन्हा चार टक्के जातात. २०० चा स्पिन, मिनिटाला १२ स्पिन धर. तासाला १,४४,००० रुपये फिरतात. त्याचे चार टक्के ५,७६० रुपये. अकरा रात्री दोन-दोन तास म्हणजे २२ तास. गुणाकार कर: १,२६,७२०. तुझ्या शिलकेतून किती गेले? १,८४,००० वजा मिळालेले २०,००० वजा उरलेले ३७,६००, म्हणजे १,२६,४००. प्रत्यक्षात आकडा सरासरीच्या खूप वर किंवा खाली जाऊ शकतो, इतका जवळ आला हा योगायोग. पण नशीब फिरलं वगैरे काही झालेलं नाही, एवढं यातून कळेल. शिवाय परवाना नसलेल्या ॲपवर ते ९६ सुद्धा खरे आहेत की नाहीत हे तपासणारं कुणी नसतं.

लिमिटचा फटका स्लॉटवाल्यालाच जास्त का बसतो, तर स्लॉटमध्ये पैसे एकदम येतात. शंभर स्पिन थोडंथोडं जातं आणि मग एखादा मोठा डाव लागतो. तो उचलून बाहेर पडलास तरच तुझा. तो हप्त्यांनी मिळणार म्हटलं की चार टक्क्यांना ५७ दिवस मिळाले. कंपनीला चक्रात फेरफार करायची गरजच नाही, तू पैशांची वाट बघत थांबलास तरी पुरे.

खालच्या बाजूची लिमिटही तशीच. किमान एक हजार असल्याशिवाय काढता येत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी असतं. सातशे उरलेला माणूस काय करणार? हजार करायला खेळणार. आणि बोनस घेतला असशील तर अट वाच. एक हजारच्या बोनसवर ३५ पट खेळायची अट असेल तर ३५,००० फिरवावे लागतात. त्याचे चार टक्के १,४००. बोनसपेक्षा जास्त.

ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपन्यांना हे मागणी रद्द करायचं बटण ठेवायला २०२१ पासून बंदी आहे. त्याच वेळी ऑनलाइन स्लॉटचा एक फेरा अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपता कामा नये असाही नियम केला, आणि आपोआप फिरणारं ऑटोप्ले बंद केलं. २०२५ मध्ये एका स्पिनला जास्तीत जास्त पाच पौंड, १८ ते २४ वयाच्यांना दोन पौंड अशी मर्यादा आली. जिथं हा धंदा कायदेशीर आहे तिथल्या सरकारलाही ते बटण काढायला लावावं लागलं, भावा. तुझ्या मनाचा कमकुवतपणा म्हणून सोडून देऊ नकोस.

मलप्रभाकाठ

मी तर म्हणेन ३७,६०० आहेत ते दहा-दहा करून काढून घ्या. चार मागण्या, बारा दिवस. कष्टाचे पैसे भरले होते, का सोडायचे?

शहापूरची_आत्या

बाळा, मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. मलप्रभाकाठ यांचं म्हणणं मला पटतं, कष्टाचा पैसा सोडवत नाही. पण त्याआधी एक सांग, ते दोन वेळा दहा हजार आले ते कुणाच्या नावाने आले? पासबुक बघून सांग. आणि ज्या खात्यात आले तेच पगाराचं खातं आहे का?

लेथवाला_मजगाव

आत्या, बघितलं. पहिले कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावाने आलेत. दुसरे एका माणसाच्या नावाने, आडनाव इकडचं नाही. ॲपचं नाव कुठंच नाही. होय, पगाराचंच खातं.

शहापूरची_आत्या

मला तीच भीती होती. अशी ॲप्स भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे फिरवतात. त्या खात्यात कुठल्यातरी फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे आलेले असू शकतात. त्याने तक्रार केली की दुसऱ्या राज्यातले सायबर पोलीस पैशाचा माग काढत येतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून बँक तुझ्या खात्यातली तेवढी रक्कम अडवते, कधी अख्खं खातं गोठवते. मग पगार जमा होतो आणि काढता येत नाही. माझ्या शेवटच्या वर्षांत असे लोक काउंटरवर यायचे. एक मुलगा लग्नाच्या हॉलचे पैसे भरायला आला होता, कार्ड चालेना म्हणून. त्याला कारण सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

म्हणून माझं मत, उरलेल्या ३७,६०० ला हात लावू नकोस. प्रत्येक दहा हजार वेगळ्या अनोळखी खात्यातून येणार, म्हणजे चार वेळा तोच धोका. आणि ते बारा दिवस तू रोज ते ॲप उघडणार. ते पैसे गेले असं धर.

आता काय करायचं. ॲपमधल्या व्यवहारांचे, चॅटचे, त्या २५,००० च्या मागणीचे स्क्रीनशॉट काढ. १९३० वर फोन कर, सायबर तक्रारीचा तो नंबर आहे. उद्या 'आधी टॅक्स भरा, मग पैसे सोडतो' असंही सांगतील. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे, पण तो पैसे देताना कापून घ्यायचा असतो; आधी भरा असं कुणी सांगितलं तर ती फसवणूकच. पोलिसांना घाबरू नकोस. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या कायद्यात पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्याला शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. बँकेतही लेखी अर्ज दे, की या दोन रकमा अशा आल्या, आणि पोच घे.

झोप लागत नाही म्हणालास. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. बेंगळुरूला निम्हान्स या मानसिक आजारांच्या सरकारी रुग्णालयात मोबाईल आणि खेळाच्या नादासाठी वेगळा दवाखाना २०१४ पासून चालू आहे. तिथं जायला लाजू नकोस.

आणि बायकोला सांग. आज रात्रीच. मी तिला ओळखत नाही, पण गोठलेल्या खात्याची बातमी बँकेकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

चोर्लाघाट

आत्यांचं ऐक. मी बायकोला सांगायला दोन वर्षं लावली. तेवढ्यात दुचाकी गेली.

लेथवाला_मजगाव

चार दिवसांनी लिहितोय. त्याच रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "ते ओव्हरटाइमचे पाच हजार, ते पण त्यातलेच का?" होय म्हणालो. मला त्या १,२६,००० पेक्षा तो प्रश्न जास्त लागला. त्या पाच हजारांतून तिनं भिशीचे मागचे दोन हप्ते भरले होते.

१९३० वर तक्रार दिली, नंबर कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवलाय. ॲप काढायच्या आधी पासवर्ड तिनं बदलला, मी पाठ करून बसलो होतो. काय टाकला ते तिनं सांगितलं नाही. ३७,६०० तिथंच आहेत. रात्री जाग आली की अजून तो आकडा डोळ्यांपुढं येतो.

आत्या, आज पहिली शिफ्ट सुटली की बँकेत अर्ज द्यायला जातोय. 'रक्कम कशाची आहे' इथं काय लिहू?

शहापूरची_आत्या

जे झालं तेच लिही. ऑनलाइन खेळाच्या ॲपमधून काढलेले पैसे, तारीख, रक्कम, ज्या नावाने आले ते नाव आणि तक्रारीचा नंबर. स्टेटमेंटची प्रत जोड. पोचवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस, आणि पगारासाठी दुसरं खातं उघडायचा फॉर्म आजच माग.