दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य नागरिकाने काय करावे?

प्रश्न
मी प्रत्येक निवडणुकीत मतदान करतो. मात्र एकदा मत दिले की पुढील निवडणुकीपर्यंत आपल्या हाती काहीच उरत नाही, ही भावना मला अस्वस्थ करते. मी कोणत्याही पक्षात नाही आणि नोकरीमुळे वेळही मर्यादित आहे. निवेदनांवर सह्या गोळा करून खरोखर काही बदलते का?

प्रतिसाद १
बदलते, पण पहिल्या खेपेस क्वचितच. न्यूझीलंडमधील स्त्रियांनी मताधिकारासाठी १८९१ साली संसदेला दिलेल्या अर्जांवर ९,००० हून अधिक सह्या होत्या, पुढच्या वर्षी जवळपास २०,००० आणि १८९३ साली सुमारे ३२,०००. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायदा झाला. ज्यांना मताचा अधिकारच नव्हता, त्यांनी हे घडवले. आपल्याकडे निदान मत तरी आहे.

प्रतिसाद २
सह्यांचे महत्त्व मला मान्य आहे, तरी त्याआधी हाती कागद हवेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली जनसुनावण्या सुरू केल्या, तेव्हा सार्वजनिक कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर वाचून दाखवली गेली; कोण कामावर नव्हते आणि कोणते काम झालेच नाही, हे लोकांनीच जागेवर सांगितले. १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले आणि २००५ साली देशभरासाठी माहितीचा अधिकार कायदा आला. म्हणून एकच विषय निवडा, त्याचा निर्णय नेमका कोणाच्या अखत्यारीत आहे हे शोधा आणि लेखी विचारणा करा. चुकीच्या कार्यालयात दिलेले निवेदन महिनोन्महिने पडून राहते, हे मी अनुभवले आहे.

प्रश्नकर्ता
पादचाऱ्यांची सुरक्षितता हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. पण एकट्याने तो किती दिवस रेटता येईल?

प्रतिसाद ३
एकट्याने रेटूच नये. अमेरिकेतील माँटगोमेरी येथे बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिल्यामुळे रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीला अटक झाली हे सर्वांना आठवते. त्याच रात्री बसवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन करणारी हजारो पत्रके छापणाऱ्या स्त्रिया सहसा कोणाला आठवत नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झालेला तो बस-बहिष्कार ३८१ दिवस टिकला, कारण लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी मोटारींची व्यवस्था कोणीतरी रोज आखत होते आणि सोबतच न्यायालयीन लढाही चालू होता. तुमच्या विषयात शाळेत पायी जाणाऱ्या मुलांचे पालक आणि काठी टेकत रस्ता ओलांडणारे वृद्ध आधी सोबत येतील. कोणी पत्रे लिहील, कोणी ओलांडायला लागणारा वेळ मोजून नोंदवील. पुढील बैठकीची तारीख मात्र पहिल्या बैठकीतून उठण्यापूर्वीच ठरवावी.