येझदीवर पुणे ते गोवा, आंबोलीमार्गे

प्रश्न: बाबांची १९८४ची येझदी रोडकिंग मोटरसायकल परवा पुन्हा सुरू झाली. किक मारायची, तोच दांडा वळवून गिअर टाकायचे. पाय काहीच विसरला नाही! डिसेंबरात गोव्याला न्यायचीय. घाटात काय सांभाळू?

उत्तर १: उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नका. टू-स्ट्रोक इंजिन आहे, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जातं; ते थांबलं की पिस्टन कोरडा. मधूनमधून रेस द्या. फोंडाघाटात माझं इंजिन असंच जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी लॉक! तेव्हापासून उतारावर दोन बोटं क्लचवर, जाम झालंच तर लगेच दाबून चाक मोकळं करायला.

उत्तर २: जादा स्पार्क प्लग आणि तो घासून साफ करायला पॉलिश पेपर खिशातच ठेव, डिकीत नको.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, दादा. मागे बाबा बसणार आहेत. निळा धूर सुटला की ते अजूनही चहा टाकून अंगणात येतात.